चौथ्या डब्यातल्या गोळ्या

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या प्रयोगशाळेत दारावरच्या रखवालदारापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाईंनी तर लग्नाच्या आठवड्यातच जाहीर केलं होतं. तेव्हा हे सगळं मी गोड करून सांगेन, अशी आशा कुणी ठेवू नये. माझ्या नवऱ्याने माझा केसाने गळा कापला. आणि कहर म्हणजे, कापताना त्याला वाटत होतं की आपण हिच्यावर केवढे उपकार करतोय!

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला. औषधाची गोळी कशाची आणि कशी बनवायची, हे आमच्याकडे ठरतं. मी बनवणाऱ्यांत, तो मोडणाऱ्यांत. त्याला सगळे 'हातोडी' म्हणतात, कारण दिवसभर तो गोळ्या चिमट्यात दाबून फोडतो, ड्रममध्ये घालून आपटतो, पाण्यात टाकून विरघळवतो आणि शेवटी लिहून देतो, ही टिकली, ती नाही. मला म्हणतात 'पीठवाली'. मला राग येत नाही, खरंच आहे ते. माझी अर्धी साडी कायम पांढरी असते.

गोळी म्हणजे तरी काय, दाबलेली भुकटी. पण नुसती भुकटी दाबली तर ती एकत्र राहत नाही, तिला धरून ठेवणारं काहीतरी मिसळावं लागतं. त्याला आम्ही बाइंडर म्हणतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा ढासळतो, हे कुठल्याही पोराला कळतं. म्हणून पुष्कळशी औषधं बाइंडरच्या पाण्यात भिजवतात, वाळवतात आणि मग दाबतात. पण काही औषधांना पाणी सोसत नाही, ओल लागली की ती खराब होतात. तिथे बाइंडरसुद्धा कोरडाच घालावा लागतो, आणि कोरडं राहून घट्ट धरेल असा बाइंडर बनवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. मी तसा एक बनवला होता, स्टार्चपासून, माझ्या पद्धतीने. सुरुवात केली तेव्हा आमची लेक रांगत होती. आता ती मला उलट उत्तरं देते.

मध्ये एकदा माझं पार हसं झालं होतं, तेही सांगून टाकते. माझ्या बाइंडरच्या गोळ्या पहिल्यांदा ड्रममध्ये गेल्या तेव्हा सगळा विभाग बघायला जमला होता. ड्रम फिरायला लागला आणि एकेका गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटून निघाली. कुणीतरी म्हणालं, "पीठवालीचं पीठ परत पीठ झालं!" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. नवऱ्याने बाहेरून दार वाजवलं नाही, नुसता उभा राहिला. त्या वेळी मला वाटलं, किती समजूतदार माणूस मिळालाय मला.

त्यानंतर मी चूक शोधली. माझे कण जाड होते. जाड कण औषधाच्या भुकटीत इकडे-तिकडे सुटे बसतात, बारीक कण तिच्याभोवती सगळीकडून चिकटतात आणि दाबलं की घट्ट धरतात. मी कण बारीक केले, वाळवण्याची पद्धत बदलली. रोज संध्याकाळी जेवताना त्याला सांगायचे, आज इतके बारीक झाले, आज पाणी जास्त राहिलं. तो ऐकायचा, मान डोलवायचा, "वा, चांगलं चाललंय," म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, जेवू दे त्याला! ताटात पण पीठच का?"

शेवटी मोठ्या बाईंनी ठरवलं, बाजारातले तीन कोरडे बाइंडर आणि माझा एक, चौघांची एकदाच काय ती तुलना करायची. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख, बोलणं कमी आणि बघणं जास्त. एका नव्या औषधासाठी कोरडा बाइंडर हवा होता. माझा निवडला गेला तर तो खऱ्या गोळीत जाणार, माणसांच्या पोटात जाणार. नाही गेला तर काम कायमचं बंद. "इतकी वर्षं दिली, आता पुरे," असं त्यांनी सरळ सांगितलं. आणि एक अट घातली. तपासणारा माझा नवरा, तेव्हा डब्यांवर नावं नकोत, फक्त अक्षरं. कुठलं अक्षर कुणाचं, हे मला आणि त्यांनाच माहीत.

मी चारही गोळ्या जिवापाड जपून केल्या. औषध तेच, बाइंडरचं प्रमाण तेच, यंत्राचा दाब तोच. यंत्राला चिकटू नये म्हणून जी भुकटी घालतात, ती जास्त वेळ मिसळली तरी गोळी कमजोर होते, म्हणून चारही वेळा मी स्वतः घड्याळ धरून उभी. दाबलेली गोळी आतून थोडी सैलावते, म्हणून आमच्याकडे ती एक दिवस तशीच ठेवतात आणि मगच तपासतात. तेही केलं. अ, ब, क, ड. चार डबे ओळीने त्याच्या टेबलावर ठेवले आणि मागे वळूनही न बघता निघून आले.

तपासण्या मुख्य दोन. एक म्हणजे कठीणपणा, गोळी किती दाबाला फुटते ते. तो आकडा यंत्र स्वतःच छापतं. त्यात माझी गोळी पहिली आली. दुसरी तपासणी झिजेची, माझ्या जुन्या दुखण्याची. गोळ्या ब्रशने झटकून वजन करायचं, ड्रममध्ये घालून फिरवायच्या, आतल्या वाकड्या पट्टीवरून त्या वर चढतात आणि खाली आपटतात, मग परत झटकून वजन करायचं. शंभरातला एक भागही झिजता कामा नये. कमी झिजली की पास, मग कठीणपणात जो पहिला तो निवडायचा.

ड ची गोळी जवळजवळ झिजलीच नाही.

काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला! मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर अक्षरांची नावं फोडली आणि मी त्यांच्या खोलीत अक्षरशः नाचले. नवरा घरी येताना केक घेऊन आला.

"कशाचा केक?" सासूबाईंनी विचारलं.

"हिच्या पिठाचा," तो म्हणाला.

"केक पिठाचाच असतो रे, मेल्या," सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्यात मोठा तुकडा उचलला.

मोठ्या बाईंचा अहवाल सोमवारी वर जायचा होता. त्यात गोळ्यांचे फोटो हवेत, म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाच्या कामात मी तपासलेल्या गोळ्या भिंगाखाली घेतल्या. नव्या गोळीच्या कडेला एक बारीक धारदार रेघ असते. बोट फिरवलं की लागते. ड्रममध्ये फिरून ती बोथट होते. अ च्या गोळ्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजल्याची नोंद होती, पण त्यांची रेघ ठिकठिकाणी शाबूत होती. माझ्या गोळ्यांची पार गुळगुळीत. साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या दिसत होत्या.

आधी मला वाटलं, डबे बदलले. मी ड च्या डब्यातली न तपासलेली गोळी काढली. रेघ अशी धारदार की बोटाला टोचली. मग वाटलं, कुणी ब्रश फार घासला असेल. मी एक गोळी घेऊन वेड्यासारखी ब्रशने घासत बसले. रेघ हलली नाही. मग तपासलेल्या गोळ्यांचं वजन घटलं नाही आणि कड मात्र गेली, हे कसं काय? ती कड गेली कुठे?

आणि मग कळलं. कड गेली होती, फक्त पहिल्या वजनाच्या आधी गेली होती. गोळ्या वजनकाट्यावर येण्याआधीच कुणीतरी त्या ड्रममधून एकदा फिरवून काढल्या होत्या. जे काही सुटं, कच्चं होतं ते त्या फेरीतच गळून गेलं. मग झटकायच्या, वजन करायचं आणि परत फिरवायच्या. दुसऱ्या फेरीत झिजायला उरलंय काय? बाहेरच्या माणसाला हे सुचणारही नाही. ते सुचायला आयुष्य ड्रमसमोर गेलेलं असावं लागतं. आणि त्या ड्रमसमोर आमच्याकडे एकच माणूस बसतो.

मी घरी गेले तेव्हा तो ओट्याशी मटार सोलत होता. लेक मैत्रिणीकडे होती. सासूबाई आतल्या खोलीत.

"ड च्या गोळ्या तू दोनदा फिरवल्यास?" मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

त्याचे हात थांबले. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. झालेच.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? भिंग आहे माझ्याकडे. आणि तपासायच्या आधी ड माझा हे तुला कुणी सांगितलं?"

"ते काय सांगावं लागतं?" तो शेंगेकडे बघत म्हणाला. "घरात चार माणसं जेवायला बसली तरी तू स्वतःचं ताट शेवटी वाढतेस. चार डबे म्हटल्यावर तुझा चौथाच असणार."

मला भर दुपारी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं झालं. माझी ही सवय आजवर कुणी पाहिलीय, असं मला कधी वाटलंच नव्हतं. ह्याने पाहिली होती. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणाला असता, 'आज तू आधी बस,' तर मी पाय धुऊन पाणी प्यायले असते. ते नाही म्हणाला. वापरली ती ह्या कामासाठी!

"अगं, तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला. "मागच्या वेळी काय झालं होतं ते मी विसरलो नाही. तू कितीतरी दिवस नीट जेवली नव्हतीस. परत तेच व्हायचं, परत सगळे दात काढणार, वर काम बंद. मला ते बघवलं नसतं."

"पहिल्या फेरीत किती झिजल्या?"

त्याने पुढची शेंग सोलायला घेतली.

"अरे, किती झिजल्या? टोप्या उडाल्या? आकडा सांग."

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"वजन केलं नाही. तशाच ड्रममध्ये टाकल्या. ड्रमकडे पाठ करून उभा होतो. नंतर ज्या धड होत्या त्या घेतल्या."

"धड नव्हत्या अशा किती होत्या?"

त्याने जरा आठवलं. "सगळ्याच धड होत्या," तो म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखा थांबला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि मी जे रोज सांगत होते? कण बारीक केले, आता धरतंय, आता सुटत नाही? तू मान डोलवत होतास की!"

"तुला बरं वाटावं म्हणून."

ते तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की त्याने मला मारलं असतं तर कमी लागलं असतं. त्या फजितीनंतरच्या दोन वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी हातवारे करून सांगतेय, भाजी गार होतेय, आणि हा समोर बसून आजाऱ्याला धीर द्यावा तशी मान डोलवतोय. मला वाटत होतं, जगात एका तरी माणसाला माझं पटलंय. एकालाही पटलं नव्हतं. आणि मला ते कळू नये याची तो रोज काळजी घेत होता.

"काय झालं गं?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "आणि माझी दुपारची गोळी कुठे आहे? कालची हातात घेतली तर भुगाच झाला मेलीचा. अर्धी पोटात, अर्धी पदरात!"

"देते," मी म्हणाले, आणि दिली.

तो मागे मागे आला. "हे बघ, सोमवारी लवकर जाऊ. नीट तपासू. टिकल्या तर काही प्रश्नच नाही, आकडा तेवढा बदलू. नाही टिकल्या तर..."

"तर?"

"तर बघू काहीतरी."

'तर बघू'! मी रविवारभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. लेकीने दोनदा विचारलं, तिच्यावरच खेकसले.

सोमवारी आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी पोचलो. ड च्या डब्यातल्या नव्या गोळ्या मी काढल्या, मी झटकल्या, मी वजन केलं. त्याला हात लावू दिला नाही. ड्रमचं बटण दाबलं आणि समोर उभी राहिले. गोळ्या वर चढत होत्या, आपटत होत्या, परत चढत होत्या. माझी छाती इतकी धडधडत होती की वाटलं, आता ह्यातलीच एखादी गोळी घ्यावी लागणार. तो माझ्या मागे उभा होता. ह्या वेळी बघत होता.

एकही टोपी उडाली नाही. झटकून वजन केलं. शंभरातला अर्धा भागही गेला नव्हता. मी आकडा परत परत पाहिला. पास. स्वच्छ पास, कुणाच्या मेहेरबानीशिवाय.

"अगं, टिकल्या!" तो ओरडला. त्याने माझे खांदे धरले, त्याचे डोळे मोठे झाले होते. "खरंच टिकल्या गं! मला वाटलंच नव्हतं!"

त्याला खरा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. रस्त्यात कुणाला पैशांचं पाकीट सापडावं तसा तो चकित झाला होता. बारा वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस, आणि मला काम येतं ह्याचं त्याला आश्चर्य वाटत होतं. तिथे माझं काहीतरी कायमचं तुटलं.

"चल, आकडा बदलून टाकू," तो म्हणाला. "जुना कागद फाडतो. मोठ्या बाई यायच्या आत होईल."

"मी त्यांना सांगणार आहे."

"काय सांगणार? निकाल तर तोच आहे! तुझाच निवडला जाणार!"

"तू अक्षर ओळखून तपासलंस, हे सांगणार."

"वेडी आहेस का? गेलीस तर तुझंच बाद होईल. इतक्या वर्षांचं काम! कुणाचं काय बिघडतंय? गोळी चांगली आहे, तूच बघितलंस की आत्ता."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. मला तो बाइंडर पोटच्या पोरासारखा. पण त्याच्या नावावर एक शिक्का बसला होता, फसवून आणलेला, आणि मी गप्प राहिले असते तर प्रत्येक गोळीत तो शिक्का गेला असता. शिवाय जन्मभर मला ह्या माणसाचे आभार मानावे लागले असते. ते मला जमणार नव्हतं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आत्ता तपासल्या त्या टिकल्या?"

"हो."

"मला तुझ्यावर शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण मला हे वरच्यांना दाखवायचंय. ज्याला माहीत नसायला हवं होतं त्याला माहीत होतं. आता तुझा आकडा कितीही खरा असला तरी कुणी धरणार नाही. बाजारातले तिघं बाहेरच्या प्रयोगशाळेत परत तपासून घेईन. तुझा पाठवता येणार नाही गं, ज्याच्यासाठी एकदा लबाडी झाली तो परत उभा केला तर वरचे सगळी तुलनाच नाकारतील. आणि त्याला त्या टेबलावरून उठवावं लागेल."

"काम बंद?"

"बंद," त्या म्हणाल्या. मग अहवालाची फाईल मिटून म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय." मोठ्या बाईंना वाईट वाटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी माझ्या टेबलाशी आले. उरलेल्या बाइंडरची पिशवी बांधली, कोठीत नेऊन दिली. कोठीवाल्याने विचारलं, "कशात टाकू? चालू का रद्द?" मी "रद्द" म्हणाले. शब्द तोंडातून निघाला खरा, पण मी तिथेच उभी राहिले. शेवटी त्यानेच स्टूल पुढे केलं.

संध्याकाळी तो बाहेर फाटकापाशी थांबला होता. घरी जायचा रस्ता एकच, त्यामुळे बरोबर चालावं लागलं. चालता चालता तो म्हणाला, "माझं टेबल गेलं. तुझं काम गेलं. सगळं तू स्वतःच्या हाताने घालवलंस. मी तर तुला जिंकवलं होतं. अजून काय हवं होतं तुला माझ्याकडून?"

लोक बघत होते. मला त्याला फाडून खायचं होतं, तोंडात शिव्या तयार होत्या, एरवी मी सोडते का कुणाला? पण निघालं भलतंच.

"एकदा वजन करून बघायचं होतंस रे," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही.